मोठ्या बाई पहिलीत बसल्या

शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीने त्या फळ्याच्या निम्म्याच्या वर पोचत नसत. मोठेपणा होता तो आवाजाचा आणि दराऱ्याचा. वर्षानुवर्षं त्यांनी चौथीला गणित शिकवलं. अपूर्णांकाचं नाव काढलं की बाकाखाली लपणारी मुलं त्यांच्या हाताखाली वर्ष काढून अपूर्णांक कोळून पिऊन बाहेर पडत. व्हरांड्यात दंगा करणारी पोरं त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला की आपोआप भिंतीला चिकटून उभी राहत. त्या स्वतः मात्र कुणालाच भीत नसत. भीत होत्या फक्त इंग्रजी बोलायला.

वाचायची काही अडचण नव्हती. व्याकरण तर तोंडपाठ. पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. एकदा बँकेत एका परक्या माणसाने त्यांना इंग्रजीत विचारलं, पैसे भरायची खिडकी कुठली? बाईंनी मनात वाक्य जुळवलं, काळ तपासला, कर्ता आणि क्रियापद एकमेकांशी भांडत नाहीत ना ते पाहिलं आणि तोंड उघडलं. तोवर तो माणूस पैसे भरून दारातून बाहेर पडत होता.

त्यामुळे मुख्याध्यापकांनी जेव्हा बोलावून सांगितलं, की पहिलीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्यात आणि नवीन माणूस मिळेपर्यंत तो तास तुम्हालाच घ्यावा लागणार, तेव्हा मोठ्या बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो, पहिलीच तर आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "ए फॉर ॲपल. त्यात काय एवढं?"

"त्यात काही नसेल तर तुम्हीच घ्या ना."

मुख्याध्यापकांनी घाईघाईने चष्मा पुसायला काढला. "प्रशिक्षण आहे ना त्याचं. पाच दिवसांचं. लहान मुलांना इंग्रजी प्रत्यक्ष कसं शिकवायचं, हातात काय घ्यायचं, कसं बोलायचं, सगळं करून दाखवतात. सोमवारी जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर हजर व्हा."

संध्याकाळी जेवताना बाईंनी ही कर्मकहाणी घरी सांगितली. घरात माणसं तीन. बाई, त्यांचे यजमान नाना आणि सून. मुलगा कामासाठी काही महिने परगावी होता, त्यामुळे सासू-सुनेत कधी वाजलंच तर मध्ये पडायची जबाबदारी नानांवर येई, आणि नाना ती वर्तमानपत्र तोंडासमोर धरून पार पाडत.

"जुन्या शाळेचा वरचा मजला म्हणालात?" सुनेचा चमचा वाटीशीच थांबला. "आई, ते माझंच प्रशिक्षण आहे."

सून शिक्षकांना शिकवायचं काम करते हे बाईंना माहीत होतं. पण माणसाला कितीतरी गोष्टी माहीत असतात, त्या अंगावर येईपर्यंत कळत नाहीत.

"म्हणजे तू मला शिकवणार?"

नानांना ठसका लागला. पाणी पिऊनही तो बराच वेळ थांबला नाही, कारण त्यात निम्मं हसू होतं.

"मी तुमचं नाव दुसऱ्या तुकडीत घालून देऊ का?" सुनेने हळूच विचारलं.

"कशाला? मी काय पळून जाणार आहे? फक्त एक कर. तिथं कुणाला कळता कामा नये. सासू सुनेच्या हाताखाली शिकतेय म्हटल्यावर चार शाळांत डंका वाजेल."

"मग तिथं मी तुम्हाला काय म्हणू?"

"मॅडम म्हण."

"आणि तुम्ही मला?"

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. "मॅडमच म्हणेन. करते काय?"

"आणि मी कुणाला काय म्हणू?" नानांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

सोमवारी बाई हॉलमध्ये पोचल्या तर तिथे खुर्च्या नव्हत्याच. पहिलीच्या मुलांचे बुटके बाक मांडले होते. वीस-बावीस शिक्षक गुडघे हनुवटीला लावून बसले होते. बाईंच्या शेजारी दुसऱ्या एका शाळेचे पीटीचे सर होते, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतील असा गडी. ते बाकाकडे बघत उभेच होते.

"आमच्याकडेही इंग्रजीला माणूस नाही," ते म्हणाले. "म्हणून मला पाठवलंय. जन्मात शिट्टीशिवाय काही वाजवलं नाही मी. आणि या बाकावर मी बसलो तर उद्या बाक नवा आणावा लागेल."

तेवढ्यात सून आत आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कपाळावर आठी, हातात पट्टी, चाल ताठ. तो अवतार बाईंना कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, आणि मग लक्षात आलं, अरे, ही तर आपली नक्कल आहे!

"झिर्का!" सून कडाडली.

कुणी हललं नाही.

"झिर्का! लोमु बोटो तापि. झिर्का!" तिने फळ्यावर भराभर काहीतरी खरडलं, त्याखाली तीन रेघा ओढल्या, आणि पट्टी नेमकी मोठ्या बाईंकडे रोखली. "झिर्का!"

बाई चाचरत उभ्या राहिल्या.

"लोमु बोटो?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? बाईंनी आपलं तेच परत म्हटलं, "लोमु... बोटो."

सुनेने कपाळाला हात लावला. फळ्यावर ही भली मोठी फुली मारली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिने पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा काहीतरी सांगितलं, पुन्हा फुली. शेवटी हाताने 'बसा' अशी खूण झाली. बाई बसल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते, आणि ज्या डोळ्यांना बघून पोरं भिंतीला चिकटायची ते डोळे बाकावरच्या एका खिळ्यात अडकून बसले होते.

मग सून बाहेर गेली आणि लगेच परत आली. आता चेहऱ्यावर हसू, हातात चहाचा कप. कप उंच धरून ती म्हणाली, "बोटो." सगळ्यांना दाखवला. लहान कप काढला आणि उंदरासारख्या बारीक आवाजात म्हणाली, "बोटो." मोठा मग काढला आणि राक्षसासारख्या आवाजात, "बोटो!" मग तो मग पीटीच्या सरांकडे नेला. सरांनी त्याहून मोठ्या आवाजात "बोटो!" केलं, तशी खिडकीची काच थरथरली. हात वर उचलत 'झिर्का' झालं, हात खाली आणत आणखी काही झालं. बघता बघता सगळा हॉल झिर्का म्हटलं की उठत होता, तो दुसरा शब्द म्हटला की बसत होता, आणि चुकेल त्याच्यासकट सगळे हसत होते.

"मॅडम, ही कुठली हो भाषा?" पीटीच्या सरांनी धापा टाकत विचारलं.

"कुठलीच नाही. काल भांडी घासताना मीच तयार केली."

बाईंना एकदम आठवलं. काल सून ओट्याशी उभी राहून काहीतरी पुटपुटत होती खरी. बाईंची समजूत झाली होती की ती आपल्यालाच शिव्या घालतेय, आणि त्यांनी मुद्दाम आणखी दोन पातेली घासायला टाकली होती.

"पहिल्या तासाला काय वाटलं तुम्हाला?" सुनेने विचारलं. एकजण म्हणाला, झोप आली. एकजण म्हणाली, बाथरूमला जावंसं वाटलं. "पहिलीतल्या मुलांनाही हेच वाटतं," सून म्हणाली. "आपण त्याला लक्ष नसणं म्हणतो. मॅडम, तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या दिवशी घरात जेवणाच्या टेबलावर मीठ मागायलाही कुणी तोंड उघडलं नाही. शेवटी नानांनी वर्तमानपत्राची घडी केली. त्यांच्या बाजूने ही फार मोठी गोष्ट होती.

"काय ते एकदा बोलून टाका. दोन मॅडमांमध्ये मी एकटा विद्यार्थी मरतोय."

"हिने मला सगळ्यांसमोर उभं केलं," बाई म्हणाल्या. "माझी नक्कल केली. वर फुल्या मारल्या! बावीस माणसं होती, त्यात हिला मीच दिसले."

सून मान खाली घालून बसली होती. "तो पहिला तास असा घ्यावाच लागतो, आई. कुणाला तरी उभं करावंच लागतं. मागच्या तुकडीत एका बाईंना केलं तर त्या रडायला लागल्या. मला वाटलं, तुम्ही खंबीर आहात. तुम्ही रडणार नाही."

"रडले नाही असं तुला कुणी सांगितलं? पाणी प्यायला दोनदा का गेले होते मी?"

सून चटकन उठली आणि बाईंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. म्हणाली, "चुकलंच माझं. निदान आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. आणि नक्कल मुद्दाम नव्हती हो. कडक शिक्षक करायचा म्हटलं की मला दुसरं कुणी डोळ्यासमोर येतच नाही."

नाना खुसखुसले. बाईंनी त्यांच्याकडे रागाने बघितलं, पण ओठांचा एक कोपरा त्यांचं ऐकेना.

"बरं ते राहू दे," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांग, शुक्रवारी आम्हालाही खऱ्या पोरांवर तास घ्यावा लागणार म्हणालीस. मी तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही तर?"

"येईल. मोठी वाक्यं करायचीच नाहीत. एक वस्तू हातात घ्यायची, एक छोटा हुकूम द्यायचा आणि तो आधी स्वतः करून दाखवायचा. आपल्या भाषेत लगेच अर्थ सांगून टाकायचा नाही, पोरांना बघून ओळखू द्यायचा. चुकलं तर थांबवायचं नाही, आपण फक्त बरोबर करून पुन्हा म्हणायचं. आपल्याकडे एक पहिलीतला मुलगा आहेच, त्याच्यावर सराव करा."

दोघींनी नानांकडे बघितलं.

"मी?" नाना म्हणाले. "माझी पेन्शन सुरू आहे!"

पण नानांना मनातून गंमत वाटत होती. बाईंनी अडखळत सुरुवात केली. "स्टँड... अप." नाना उभे राहिले. "सिट डाऊन." नाना बसले. "ब्रिंग द... द कप." नाना आत गेले आणि चमचा घेऊन आले.

"अहो, चमचा काय?"

नाना कानावर हात ठेवून उभे. आपली भाषा कळतच नाही असा निष्पाप चेहरा.

"नो. कप," बाई म्हणाल्या. नानांनी कपाटातून गाळणी आणली. "नो! नॉट धिस! कप! बिग कप! ऑन द टेबल!" नानांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. बाईंचा पारा चढला. "नॉट द पेपर! पुट द पेपर डाऊन! लूक! धिस इज अ कप! गिव्ह मी द कप, यू... यू नॉटी मॅन!"

नानांनी अदबीने कप आणून दिला. सून पोट धरून हसत होती. बाई मध्येच थबकल्या. एवढं सगळं आपण बोललो? कर्ता नाही तपासला, काळ नाही तपासला, आणि तरी ते झरझर बाहेर पडलं. जिभेवरचं कुलूप असं चिडल्यावर निघेल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन-तीन दिवस घरात नानांशी इंग्रजीशिवाय बोलायची सोय उरली नाही. बाईंनी चहा हवा का विचारलं तरी नाना खुर्चीत बसून म्हणत, "इन इंग्लिश, प्लीज." बाई म्हणत, "चहा तुम्हाला हवाय, मला नाही!" आणि मग तेच इंग्रजीत सांगत.

हॉलमध्ये जुन्या मोज्यांना बटणांचे डोळे शिवून बाहुल्या झाल्या, चालीवर म्हणायची गाणी झाली. पीटीच्या सरांना तर सूर गवसला. आयुष्यभर मैदानावर हुकूमच सोडत आलेला माणूस तो. आता तेच इंग्रजीत सोडायचं एवढाच फरक. "हँड्स अप! टर्न अराऊंड! टच युअर नोज!" त्यांच्या आवाजाने खालच्या मजल्यावरच्या वर्गातही मुलं नाकाला हात लावून बसायची म्हणे.

सासू-सुनेचं गुपित गुरुवारी फुटलं. निदान बाईंना तरी वाटलं की फुटलं. सून चित्रांचा तक्ता टांगायला डगमगत्या स्टुलावर चढली आणि तिचा पाय थोडा सरकला.

"अगं ए, पडशील! उतर आधी खाली! सांगितलेलं ऐकायचंच नाही का कधी?" मोठ्या बाईंचा आवाज भिंतीवर आदळून परत आला. सगळा हॉल चिडीचूप. बाईंनी घसा खाकरून शेवटी एक शब्द जोडला, "...मॅडम."

सून मुकाट्याने खाली उतरली. पीटीचे सर बाईंच्या कानाशी वाकले. "फार मायेनं ओरडता हो तुम्ही."

शुक्रवार उजाडला आणि घरात वेगळंच संकट उभं राहिलं. चार दिवस उंदीर आणि राक्षस, दोघांचेही आवाज काढून काढून सुनेचा आवाज बसला होता. बसला म्हणजे पार गेला. तोंड उघडलं की फक्त हवा. तिने कागदावर लिहून दाखवलं, आज तपासणीचे साहेब येणार आहेत आणि त्यांच्यासमोरचा नमुन्याचा तास मलाच घ्यायचाय. ते आधीपासून म्हणताहेत, एवढा खटाटोप कशाला, पडद्यावर व्हिडिओ दाखवा आणि सोडून द्या. आज तास फिसकटला तर पुढच्या तुकड्या ते बंदच करतील.

एवढं लिहून ती डोळे पुसायला लागली. बाईंनी गरम पाण्यात मीठ घालून पेला तिच्या हातात दिला.

"आधी गुळण्या कर. आणि तू बोलायचं नाहीस, समजलं? एक अक्षर नाही. तास मी घेते."

बोलून गेल्यावर बाईंना कळलं, आपण काय बोलून बसलो ते. पण तोंडातून गेलेला शब्द आणि भांड्यातून उतू गेलेलं दूध परत भरता येत नाही.

खालच्या शाळेतली पहिलीची पोरं रांगेने वर आली. पुढे बाकांवर ती बसली, मागे भिंतीला टेकून शिक्षक उभे राहिले. दाराशी साहेब उभे राहिले. कोटाची बटणं लावलेली, हात मागे बांधलेले. "चालू द्या," ते म्हणाले.

बाई पुढे झाल्या. तीस-चाळीस डोळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि घरी नानांवर चाळीसदा फेकलेला तो पहिला शब्द गायब. बँकेतल्यासारखंच झालं. एक मुलगी जांभई द्यायला लागली. दोन मुलांची बाकाखाली लाथाळी सुरू झाली.

मागे उभी असलेली सून हातवारे करत होती. दोन्ही हात वर, पुन्हा वर. तोंडाने 'स्टँड, स्टँड' म्हणत होती, आणि आवाज मात्र शून्य, पाण्यातल्या माशासारखा. ते बघून बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या सरळ मागे गेल्या, सुनेचा हात धरला आणि तिला ओढत पुढे घेऊन आल्या.

"बाळांनो, या मॅडमचा आवाज हरवलाय," त्या मुलांना म्हणाल्या. "यांना बोलताच येत नाही. आता काय करायचं?"

जांभई अर्ध्यावर थांबली. लाथा थांबल्या.

"गोळी द्यायची!" एकजण म्हणाला.

"दिली. नाही आला. आता यांच्या वाटचं आपण बोलायचं. या करतील, आपण म्हणायचं. लूक!"

सून टुणकन उभी राहिली. बाई म्हणाल्या, "स्टँड अप!" आला शब्द! सून बसली. "सिट डाऊन!" मुलं त्यांच्याबरोबर उठली, बसली. सुनेने उडी मारली. "जंप!" पाणी प्यायल्यासारखं केलं. "ड्रिंक!" झोपल्यासारखं केलं. "स्लीप!" बाई कधी कुजबुजत म्हणत, कधी गर्जना करत, आणि मुलं तशीच कुजबुजत, तशीच गर्जत. मग बाई गप्प झाल्या. सुनेने नुसतीच उडी मारली आणि कानाला हात लावून मुलांकडे बघितलं.

"जंप!" पोरं ओरडली.

ती डोळे मिटून पडून राहिली. "स्लीप!"

एका मुलाने "ड्रिंप!" म्हटलं. बाईंच्या आतली गणिताची मास्तरीण ताडकन उठायला गेली, त्यांनी तिला खाली बसवलं. त्यांनी त्याच्याकडे बघून हसत फक्त "ड्रिंक!" म्हटलं, तसं त्यानेही ते म्हटलं आणि खरंखुरं पाणी प्यायल्यासारखी ढेकर दिली.

"आता तुम्ही हुकूम सोडा," बाई म्हणाल्या.

मग काय विचारता! सगळी पोरं मिळून त्या बिनआवाजाच्या मॅडमला नाचवायला लागली. मॅडम, जंप! मॅडम, सिट डाऊन! मॅडम, स्लीप! मोठ्यांना हुकूम सोडायची संधी त्यांना जन्मात मिळाली नसेल. मघाशी जांभई देणारी मुलगी बाकावर उभी राहिली होती. तिने आजूबाजूला बघितलं, तर एकच माणूस अजून कुणाचं ऐकत नव्हता. तिने दाराकडे बोट केलं.

"सर! सिट डाऊन!"

साहेबांनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"सर, सिट डाऊन!" आता सगळा वर्ग.

साहेब घुटमळले. कोटाचं एक बटण काढलं, दुसरं काढलं, आणि शेवटच्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये अंग चोरून बसले.

"सर, स्टँड अप!"

साहेब उठायला गेले आणि बाक त्यांच्याबरोबर उठला. मुलांच्या आनंदाला पारावार उरला नाही. पीटीचे सर धावले, एका हाताने बाक धरला, दुसऱ्याने साहेबांना धरलं आणि तोंडाने "वन, टू, थ्री, पुल!" म्हणत दोघांना वेगळं केलं. "पुल! पुल!" पोरांनी तोही शब्द उचलला.

मुलं गेल्यावर साहेबांनी कोट झटकला. "फारच गोंगाट होतो," ते म्हणाले. मग बटणं लावत म्हणाले, "पण न शिकवलेला शब्दसुद्धा उचलला हो पोरांनी. व्हिडिओत बाक अडकला नसता, हेही खरंच." मग त्यांनी सुनेला सांगितलं, की पुढच्या तुकडीला आमच्याकडच्या आणखी दोन शाळा घ्या. जाता जाता त्यांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "तुमच्या दोघींचा मेळ उत्तम आहे. बरेच दिवस एकत्र काम करताय का?"

सून बोलू शकत नव्हती. बाईंनी मान ताठ केली.

"माझी सून आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझी मास्तरीणही."

असं काही बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. सुनेने पटकन तोंड फिरवलं आणि उगाचच तक्ता गुंडाळायला घेतला. बाईंना वाटलं, आता मागे कुजबुज होणार. पण शिक्षक नुसतेच एकमेकांकडे बघून हसत होते.

"आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मॅडम," पीटीचे सर म्हणाले. "फुल्या मारल्यावर तुम्ही ज्या नजरेनं त्यांच्याकडे बघितलं, ती नजर घरातल्या माणसाशिवाय कुणाच्या वाट्याला येत नाही."

सोमवारी मोठ्या बाई आपल्या शाळेत पहिलीच्या वर्गात शिरल्या. त्यांना बघताच पोरं सवयीने हाताची घडी घालून, श्वास रोखून बसली. बाईंनी हातातली पिशवी उपडी केली. कप, चमचा, मोज्याची बाहुली, नानांची एक जुनी टोपी. टोपी त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर घातली. वर्गात आधी शांतता, मग एक बारीक खुदखुद, आणि मग सगळा वर्ग फुटला.

त्या तासाचा गोंगाट शेजारच्या वर्गातल्या बाईंना सहन झाला नाही. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि टोपी घालून उड्या मारणाऱ्या मोठ्या बाईंना बघून काही न बोलता परत गेल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं म्हणे, की मोठ्या बाईंची तब्येत बरी आहे ना?

शेवटचा तासही पहिलीवरच होता. घंटा झाली तरी पोरं जागची हलेनात. आणखी एकदा, आणखी एकदा, असं करत बाईंचे गुडघे बोलायला लागले होते. शेवटी त्यांनी दाराकडे हात करून म्हटलं, "गो होम!"

हा शब्द त्यांनी शिकवलाच नव्हता. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, बाईंच्या हाताकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग एकाच्या डोक्यात प्रकाश पडला, त्याने कानात सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून बाईंकडे आणि मग दाराकडे बोट केलं.

"मॅडम, गो होम!"

हुकूम तो हुकूम. मोठ्या बाईंनी पिशवी उचलली, टोपी नीट केली आणि व्हरांड्यातून घरी निघाल्या. मागून वर्गाच्या दारात गर्दी करून ती सगळी चिल्लीपिल्ली ओरडत होती, आणि भिंतीला मात्र कुणी चिकटलं नव्हतं.